नदीचीही वही ठेवा

(ग्रामसभांच्या तालुका शिबिरात संघटनेच्या एका कार्यकर्तीने केलेले भाषण. शिबिराला येऊ न शकलेल्या पाड्यांसाठी टेपवरून उतरवून देत आहोत. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. पाड्यावर बैठक घेऊन मोठ्याने वाचून दाखवावे, ही विनंती. – संपादन गट)



सकाळपासून आपण जमिनीवर बोललो. कुणाचा दावा प्रांताकडे अडकलाय, कुणी दोन एकर कसतो आणि पट्ट्यात वीस गुंठे लिहून आलेत, कुणाच्या नकाशात शेजाऱ्याचा बांध घुसलाय. हे काम चालूच राहणार. आता जेवणाआधी मला पाण्यावर बोलायचं आहे. मघाशी मागून एक दादा म्हणाले, "जमिनीचा अजून झाला नाही, त्यात पाण्याचा कशाला काढता?" त्यांच्या प्रश्नापासूनच सुरू करते.

दादा, सामूहिक हक्काचा फॉर्म भरला तेव्हा आपण त्यात काय काय लिहिलं? लाकूडफाटा, मोह, चारा, आणि त्याच्याबरोबर मासे. वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये तो हक्क सरळ लिहिलेला आहे, मासे आणि पाण्यातून मिळणाऱ्या बाकीच्या वस्तू. आता समजा कागद हातात आला आणि ओहळात मासाच उरला नाही, तर त्या कागदाचं काय करायचं? पट्ट्याच्या खालच्या अंगाला जो ओहळ आहे, त्याच्या पाण्यावर वाल, मिरची, काकडी होते. गुरं तिथंच उतरतात. चैत्र-वैशाखात विहीर आटली की बाया नदीच्या वाळूत डवरा खणतात आणि वाटीवाटीनं हंडा भरतात. ते पाणी नासलं तर जमीन आपल्या नावावर असून पोटाला काय येणार? म्हणून पाणी हे जमिनीच्या लढाईतलंच कलम आहे, वेगळं नाही.

आणि आणखी एक बघा. आपल्या भागातून वैतरणा वाहते. तानसा तिलाच मिळते. तानसाचं धरण १८९२ सालचं, मोडकसागर १९५७ सालचं. ही धरणं मुंबईच्या पाण्यासाठी बांधली. आपल्या डोंगरावर पडलेला पाऊस मोठाल्या नळांतून भांडुपला जातो. तिथं गाळतात, क्लोरीन घालतात, तपासतात, मगच शहराच्या नळाला सोडतात. तपासायला पगारी माणसं आहेत, प्रयोगशाळा आहे. चांगलंच आहे, शहरातल्या पोरांनीही चांगलंच पाणी प्यावं. पण त्याच खोऱ्यात आपली बाई डवऱ्यातून जो हंडा भरते, तो कोण तपासतं? ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आहे, तो पंचायतीच्या विहिरीचा आणि हातपंपाचा नमुना नेतो. पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी होते, पंचायतीला हिरवं, पिवळं नाही तर लाल कार्ड मिळतं. डवरा त्या यादीत नाही. ओहळ नाही. गुरांचा डोह नाही. यादीत जे नाही त्याला कार्ड कुठलं मिळणार?

आमच्याकडे दोन पावसाळ्यांमागं काय झालं ते काही जणांना ठाऊक आहे. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला. त्या रात्री वरच्या अंगाच्या नाल्यातून काळं पाणी आलं. सकाळी डोहावर तेलासारखा तवंग, नाकाला झोंबेल असा वास, आणि खवली, मळ्या, शिंगटी, मुठेसुद्धा, सगळं पांढरं पोट वर करून. बाया हंडे रिकामे घेऊन परत गेल्या. वरच्या अंगाला एक कारखाना आहे हे सगळ्यांना माहीत. अर्ज दिला. नवव्या दिवशी साहेब आले. तोवर ओहळाला दोन पूर येऊन गेलेले. त्यांनी बाटली भरली, नेली. दीड महिन्यानं कागद आला: पाण्यात दोष आढळला नाही. कागद खोटा नव्हता. नवव्या दिवशी पाण्यात दोष नव्हताच!

मग सुनावणी झाली. साहेबांनी विचारलं, पाणी कोणत्या दिवशी आलं? एक म्हातारा म्हणाला बाजाराच्या आदल्या दिवशी, दुसरा म्हणाला बाजाराच्या दिवशी. किती मासे मेले? कुणी म्हणालं पाटीभर, कुणी म्हणालं गाडीभर. कारखान्याचा वकील हसला. दोघंही खरं बोलत होते. मेलेले मासे दोघांनीही पाहिले होते. पण लिहिलेलं काही नव्हतं, आणि कचेरीत आठवणीला किंमत नसते.

हे आपल्याला नवीन नाही. जमिनीच्या दाव्यात हेच शिकलो ना आपण? १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसतो, हे नुसतं सांगून कुणी ऐकत नव्हतं. मग म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घेतले, जुन्या दंडाच्या पावत्या शोधल्या, बांध, आंबा, थडगं दाखवून पंचनामे केले. जंगलखात्यानं आपल्याला चोर ठरवून फाडलेली पावतीच आपला पुरावा झाली. तसंच आता नदीचं करायचं. नदीची वही ठेवायची.

वहीत काय लिहायचं ते सांगते. अवघड काही नाही.

पहिलं, जागा ठरवायच्या. प्रत्येक पाड्यानं तीन जागा धराव्यात. एक, जिथं घाण येण्याची शंका आहे त्या नाल्याच्या वर. दुसरी, त्या नाल्याच्या खाली. तिसरी, जिथून आपण पितो ती. तिन्ही जागा एकाच दिवशी, एकामागोमाग बघायच्या. का? पहिल्या पावसात सगळीच नदी लाल होते. ती माती आहे, ती दरवर्षी येते. वरही लाल, खालीही लाल, तर त्यात कुणाचा दोष धरता येणार नाही. पण वर नितळ आणि नाल्याच्या खाली काळं, तर ते कुठून आलं हे पोरालासुद्धा कळेल. नुसतं "खाली पाणी खराब आहे" असं लिहिलं तर कारखानावाला म्हणणार, तुमच्याच गुरांनी केलं. वरचं आणि खालचं दोन्ही लिहिलं की त्याला तसं म्हणता येत नाही.

दुसरं, डोळा, नाक आणि हात. पाण्याचा रंग कसा, वास कसला, वर फेस आहे का, तवंग आहे का. पांढऱ्या काचेच्या बाटलीत पाणी भरून उजेडात धरायचं, मग तासभर ठेवून खाली काय बसतं ते बघायचं. फेसाचं एक लक्षात ठेवा: धबधब्याखाली थोडा फेस नेहमीच असतो आणि लगेच विरतो. साबणासारखा तासन् तास टिकणारा फेस वेगळा. पाण्यात उतरल्यावर अंगाला खाज येते का, गुरं पाण्याला तोंड लावतात की मान फिरवतात, हेही लिहायचं. ही लक्षणं कुठल्या पुस्तकातली नाहीत, आपल्या आज्या हेच बघत आल्या. आज्यांनी ते मनात ठेवलं, आपण कागदावर ठेवायचं.

तिसरं, दगडाखालचे जीव. हे मला फार आवडतं, आणि पोरांना तर त्याहून जास्त. वाहत्या पाण्यातला वीतभर दगड उचला, उलटा करा, पांढऱ्या थाळीत धुवा. स्वच्छ, खळाळत्या पाण्यात बारीक चपटे किडे सापडतात, काहींना मागं तीन शेपट्या, काहींना दोन. काही किडे वाळूचे कण आणि पानाचे तुकडे चिकटवून आपल्याभोवती नळीसारखं घर करतात. चतुराची पिल्लंही पाण्यातच वाढतात. शेपटीवाल्या आणि घरवाल्या किड्यांना हवा भरपूर मिसळलेलं, स्वच्छ पाणी लागतं. पाणी बिघडलं की आधी ते जातात. मग काय उरतं? गाळातले लाल बारीक किडे, जळवा, शेपटीची नळी वर काढून श्वास घेणाऱ्या अळ्या. हे घाणीतही जगतात. कारखान्याचं पाणी एका रात्रीत वाहून जातं, साहेबांच्या बाटलीत सापडत नाही. पण दगडाखाली महिनाभर जीव परतत नाहीत. म्हणून दर महिन्याला त्याच जागी पाच दगड उलटायचे आणि काय दिसलं ते मोजून लिहायचं. लिहिता येत नसेल तर चित्र काढा. आपल्या घरांच्या भिंतींवर काय काय रंगवतो आपण, वहीत एक किडा रंगवायला कितीसा वेळ लागतो!

मासे मेले तर ते कसे मेले तेही बघा. माशालाही श्वासाला हवा लागते, ती पाण्यात मिसळलेली असते. एका लिटर पाण्यात ४ मिलिग्रॅमपेक्षा कमी झाली तर ते पाणी माशांच्या वाढीला योग्य नाही, असं सरकारचंच माप आहे. कुजकी घाण पाण्यात आली की ती ही हवा खाऊन टाकते. मग मासे पहाटेच्या वेळी वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. तसं दिसलं तर "पहाटे वर येऊन श्वास घेत होते" असं लिहा. आणि भर दुपारी लहान-मोठे सगळे एकदम तडफडले असतील तर तसं लिहा. विष आहे का, कुठलं आहे, हे प्रयोगशाळा ठरवेल. आपण निकाल लिहायचा नाही, दिसलं ते लिहायचं. हा नियम पक्का धरा. "कारखान्यानं विष सोडलं" असं वहीत लिहू नका. "सकाळी ६ वाजता नाल्याच्या तोंडाशी पाणी काळं होतं, रॉकेलसारखा वास होता, वरच्या जागी पाणी नितळ होतं" असं लिहा. हे वाक्य कुणाला खोडता येणार नाही.

चौथं, साधी साधनं. पीएचची कागदी पट्टी मिळते. पाण्यात बुडवली की तिचा रंग बदलतो, डबीवरच्या रंगाशी ताडून बघायचा. पिण्याच्या पाण्याचा आकडा साडेसहा ते साडेआठच्या मध्ये असावा. त्याखाली आंबट, त्यावर खारट-तुरट समजा. दुसरी कुपी जंतूंची. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून उबेला ठेवायची. एक-दोन दिवसांत पाणी काळं झालं तर त्यात विष्ठेतून आलेले जंतू असण्याची दाट शक्यता, ते पाणी न उकळता प्यायचं नाही. या कुप्या पंचायत समितीच्या पाणीपुरवठ्याकडे आणि आरोग्य केंद्राकडे लेखी मागायच्या. काळी झालेली कुपी पोरांच्या हाती देऊ नका. तिच्यात टीसीएल पावडरचं पाणी ओतून, दिवसभर ठेवून मग पुरायची.

इथं एक गोष्ट बायांनी नीट ऐका. उकळल्यानं जंतू मरतात. विष मरत नाही. कारखान्याचं रसायन किंवा शेतावरचं औषध पाण्यात उतरलं असेल तर ते उकळून जात नाही, टीसीएल टाकूनही जात नाही. पाण्याला तवंग किंवा औषधाचा वास असला तर ते पिऊच नका, आणि त्याच दिवशी आशाताईला आणि ग्रामसेवकाला लेखी कळवून टँकर मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

पाचवं, बाटली. पाणी प्रयोगशाळेत पाठवायचं तर दोन लिटरचा नवा, स्वच्छ कॅन घ्या. तेलाचा नको, औषधाचा नको. दारूची बाटली तर मुळीच नको, लॅबवाला पाण्याच्या आधी आपल्यालाच तपासायला घेईल! त्याच नदीच्या पाण्यानं कॅन तीनदा खंगाळा. बाटलीचं तोंड प्रवाहाकडे, वितभर पाण्याखाली धरून भरा, वरचा पाला-कचरा येऊ देऊ नका, तळाचा गाळ ढवळू नका. जंतूंसाठीची बाटली मात्र प्रयोगशाळेतूनच आणायची. ती आधीच निर्जंतुक केलेली असते, ती खंगाळायची नाही, आतून बोट लावायचं नाही, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. बाटलीवर कागद चिकटवा: जागा, तारीख, वेळ, कुणी भरली. पाच पंचांसमोर भरा आणि त्यांच्या सह्या-अंगठे वहीत घ्या.

मघाशी एका ताईनं विचारलं, "आपून भरलेली बाटली कोर्टात चालेल का?" चांगला प्रश्न आहे. १९७४ सालचा पाणी प्रदूषणाचा कायदा आहे. कारखान्याच्या नळातून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्याचा नमुना कसा घ्यायचा हे त्याच्या कलम २१ मध्ये दिलंय. मंडळाच्या अधिकाऱ्यानं तिथल्या तिथं कारखान्याला नोटीस द्यायची, नमुना दोन भागांत करायचा, दोन्ही सीलबंद करायचे, त्यावर सह्या घ्यायच्या. असा घेतला नाही तर तो अहवाल पुरावा म्हणून धरत नाहीत. म्हणजे कारखान्याच्या नळाशी आपण भरलेल्या बाटलीवर खटला उभा राहणार नाही. पण त्या अधिकाऱ्याला वेळेवर आणणारी गोष्ट आपली वही आहे. आणि तो आला की आपण विचारायचं: साहेब, नोटीस दिली का? दोन भाग केले का? सील कुठं आहे? हे विचारणारी माणसं उभी असली की नमुना नीट घेतला जातो.

त्याच कायद्याच्या कलम २५ प्रमाणे मंडळानं कारखान्याला कोणत्या अटींवर सांडपाणी सोडायची परवानगी दिली, याची नोंदवही मंडळाकडे असते आणि त्या पाण्याची झळ बसणाऱ्या माणसाला ती बघता येते. कलम ४९ प्रमाणे मंडळाला ६० दिवसांची नोटीस देऊन कुणीही माणूस स्वतः कोर्टात तक्रार करू शकतो. २००५ च्या माहिती अधिकारात नुसते कागदच नाहीत, कामाची पाहणी आणि नमुनेही मागता येतात. १० रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही माफ. पुण्याला हरित न्यायाधिकरण बसतं, त्याच्याकडे वाद न्यायचा तर वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. सहा महिने कुठून मोजणार? तारखेपासून. तारीख कुठं आहे? वहीत.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट आपल्या घरातली आहे. वनहक्क कायद्याचं कलम ५. त्यात ग्रामसभेला अधिकार दिलाय की आपल्या शेजारचं पाणलोट क्षेत्र आणि पाण्याचे साठे यांचं रक्षण नीट होतं की नाही ते तिनं बघावं. त्यासाठी ग्रामसभेनं आपल्यातूनच समिती नेमायची, नियम ४ मध्ये तसं लिहिलं आहे. ही समिती बऱ्याच गावांत कागदावर आहे. तिला आता काम द्या. नदीची वही ही त्या समितीची वही. मग तलाठी, गार्ड, कारखान्याचा सुपरवायझर, कुणीही विचारलं "तुम्ही कोण नदी तपासणारे?" तर सांगायचं, कलम ५ ची ग्रामसभा.

दुसऱ्या ठिकाणच्या आपल्या माणसांचं सांगते. केरळात पालघाट जिल्ह्यात प्लाचीमडा म्हणून गाव आहे. तिथं २००० साली कोकाकोलाचा कारखाना सुरू झाला. विहिरींचं पाणी बिघडलंय हे आधी कुणाला कळलं? आदिवासी बायांना. पाण्याची चव गेली, अन्न नीट शिजेना. त्यांच्यात मायिलम्मा नावाची आदिवासी बाई पुढं झाली. २२ एप्रिल २००२ ला कारखान्यासमोर धरणं सुरू झालं. पुढं कारखान्यातून खत म्हणून वाटलेल्या गाळात शिसं आणि कॅडमियम सापडलं, तो गाळ तपासायला साता समुद्रापार गेला होता. पंचायतीनं परवान्याचं नूतनीकरण नाकारलं. मार्च २००४ पासून कारखाना बंद आहे. प्रयोगशाळेनं काय सांगितलं? बायांच्या जिभेनं आधी सांगितलं होतं तेच. पण दोन्ही लागलं, जीभही आणि प्रयोगशाळाही.

ओडिशात नियमगिरीचा डोंगर. डोंगरिया कोंध आपल्यासारखेच. बॉक्साइटच्या खाणीसाठी डोंगर मागितला होता. सर्वोच्च न्यायालयानं १८ एप्रिल २०१३ ला सांगितलं, ग्रामसभांना विचारा. १२ गावांत सभा झाल्या आणि बाराच्या बारा गावांनी नाही म्हटलं. त्यांनी देवाचं सांगितलं, आणि त्या डोंगरातून निघणाऱ्या झऱ्यांचंही सांगितलं. ग्रामसभेच्या तोंडात ताकद आहे, हे तिथं दिसलं. आपल्या गावांची ग्रामसभा पाण्यावर शेवटची कधी बोलली, ते आज घरी जाताना आठवून बघा.

आता कडू बोलते. वहीत दुसऱ्याचं पाप लिहायचं तर आपलंही लिहावं लागेल. उन्हाळ्यात डोहात टीसीएल पावडर किंवा फवारणीचं औषध टाकून मासे धरतात. कोण धरतं? बाहेरचे व्यापारी धरतात, आणि आपलीही पोरं धरतात. आपले वाडवडील झाडाची साल कुटून डोहात टाकायचे, मासे गुंगून वर यायचे. हे औषध तसं नाही. ते अंडी, पिल्लं, दगडाखालचे जीव, सगळं मारतं, आणि खालच्या पाड्याची बाई तेच पाणी डवऱ्यातून भरते. फवारणीचा पंप ओहळात धुणं, औषधाचा रिकामा डबा पाणी भरायला वापरणं, नदीकाठी परसाकडला बसणं, हेही आहे. हे सगळं वहीत आलं पाहिजे. नाहीतर कारखानावाला एक दिवस ओहळातून औषधाचा डबा उचलून साहेबांपुढं ठेवील आणि आपली अख्खी वही खोटी पाडील. दंड ठरवायचा तर ग्रामसभेत ठरवा. पोलिसांकडे जायची गरज नाही.

काही जणांच्या मनात भीती आहे, ती दोघा-तिघांनी मला बाहेर चहाला बोलून दाखवली. एक जण म्हणाला, "माझा पोरगा त्याच कारखान्यात कंत्राटावर आहे. वहीवर मी सही केली तर त्याला काढतील." हे खरं आहे. म्हणून सह्या एकट्यादुकट्याच्या नकोत, समितीच्या असाव्यात. ज्याच्या घरचा माणूस कारखान्यात आहे त्याच्यावर सहीची सक्ती करू नये. पण त्याच पोराला विचारा, तो रोज ते पाणी हाताळतो, त्याच्या हातांची कातडी कशी झालीय? कारखाना बंद करा असं आपण आज म्हणत नाही. घाण पाणी शुद्ध करायचं यंत्र लावायची अट परवानगीत असते. ते यंत्र रात्रीही चालवा, एवढंच म्हणतो.

दुसरी भीती जास्त खोल आहे. "पानी खराब लिवला तर सरकार म्हनेल हे लोक जंगल घाण करतात, उठवा यांना." असं म्हणणारे आहेत, खोटं कशाला सांगू. पण वही आपल्या हाती असली तर पाणी कुठं आणि कशानं बिघडलं हे आपल्या शब्दांत राहील. वही नसली तर ते दुसरा कुणीतरी लिहील. मग तो आपल्याबद्दल काय लिहील ते सांगायला नको.

आता शेवटची अडचण, आणि हीच सगळ्यात खरी. दिवाळी झाली की अर्धा पाडा वीटभट्टीवर जातो, तो पाऊस तोंडावर आल्याशिवाय परतत नाही. वही कोण ठेवणार? आणि नेमकं त्याच दिवसांत पाणी कमी असतं, घाण जास्त दिसते. उपाय असा: वही घरामागं माणूस ठेवणाऱ्या घरात राहील. म्हाताऱ्या राहतात, बाळंतिणी राहतात, शाळेची पोरं राहतात. म्हातारी बघेल आणि सांगेल, सातवी-आठवीतलं पोर लिहील. भट्टीवर जाताना वही कुणाच्या हाती दिली ते वहीतच लिहायचं, परत आल्यावर सगळ्यांसमोर वाचून दाखवायची. आणि दर महिन्याच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी सकाळी, बाजाराला निघायच्या आधी, तिन्ही जागा बघायच्या. बाजाराचा दिवस कुणी विसरत नाही.

शिबिर संपायच्या आधी तीन कामं ठरवून उठायचं आहे. एक, येत्या ग्रामसभेत कलम ५ ची समिती नव्यानं नेमायची, त्यात निम्म्याहून जास्त बाया, कारण पाणी त्या भरतात. ठराव लिहून त्याची एक प्रत प्रांताकडे आणि एक प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कचेरीत द्यायची. दोन, मृगाच्या आधी प्रत्येक पाड्याच्या वहीत किमान दोन महिन्यांच्या नोंदी हव्यात. चांगलं पाणी कसं होतं ते लिहिलेलं असलं तरच बिघडलं हे दाखवता येईल. तीन, वरच्या आणि खालच्या पाड्यांनी एकमेकांना निरोप द्यायचा. वर काळं पाणी दिसलं की लगेच खाली फोन, नाही तर पोराला पळवा. खालच्यानं त्या दिवशी हंडा भरायचा नाही आणि बाटली भरायची. या निरोपानं त्या दिवशी एखादं पोर जुलाबातून वाचलं तरी वहीचे पैसे फिटले.

बोलणं लांबलं. जेवणं तयार आहेत असा निरोप आलाय. प्रश्न असतील ते जेवताना विचारा, आणि दुपारी ओहळावर जाऊन आपण सगळे पाच दगड उलटून बघू.

जोहार. जिंदाबाद.

वहीचा नमुना (साध्या शंभरपानी वहीत उभ्या रेघा मारून घ्याव्यात)

१. तारीख, वार, वेळ.
२. जागा: नाल्याच्या वर / नाल्याच्या खाली / पिण्याची.
३. गेल्या दोन दिवसांत पाऊस झाला का. पाणी वाहतं की थांबलेलं.
४. रंग, वास, फेस, तवंग. पट्टीचा आकडा.
५. पाच दगडांखाली काय दिसलं (चित्र चालेल).
६. मासे: नेहमीसारखे / वर येऊन श्वास घेणारे / मेलेले, किती.
७. पाड्यात जुलाब, खाज, गुरांचं आजारपण.
८. कुपी काळी झाली का, किती तासांनी.
९. बाटली भरली असल्यास कुठं पाठवली, पोच क्रमांक.
१०. बघणाऱ्यांच्या सह्या किंवा अंगठे.

नोंद खोडू नये. चुकली तर एक आडवी रेघ मारून शेजारी नव्यानं लिहावी. पान फाडू नये.